मिठाच्या जागी आलेली मिरची

रक्तदाब वाढल्याचं डॉक्टरांनी सांगितलं की आपल्या घरात पहिली संक्रांत येते ती मिरचीवर. ‘आता तिखट-तेलकट बंद’ असं एका दमात जाहीर होतं. ठेचा हद्दपार होतो, रश्श्यावरची तर्री काढून टाकली जाते, आणि फिक्या जेवणाला चव यावी म्हणून ताटात लोणच्याची फोड आणि भाजलेला पापड येऊन बसतो. डॉक्टरांनी खरं तर मीठ कमी करायला सांगितलेलं असतं. पण मिरची डोळ्यांत पाणी आणते, नाक गळायला लावते. तिच्याविरुद्धचा पुरावा जागच्या जागी मिळतो. मीठ चवीत मिसळून गप्प बसतं आणि निर्दोष सुटतं.

या प्रकरणात मला मिरचीची बाजू मांडायची आहे. त्यासाठी चीनच्या नैर्ऋत्येला, सिचुआन प्रांताच्या जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसू. जगातल्या सगळ्यात झणझणीत स्वयंपाकांत या प्रांताची गणना होते. त्याची राजधानी चेंगदू, आणि 2010 साली युनेस्कोने या शहराला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान्यता दिली. तिथलं तिखट जेवण जेवायचं, तेही मित्राबरोबर गप्पा मारत, आणि दुसऱ्या दिवशी रक्तदाबाच्या यंत्रासमोर मान खाली घालायची वेळ येऊ द्यायची नाही, हे जमण्यासारखं आहे. मात्र तिथली मिरची कुठून आली आणि कशासाठी आली, हे आधी पाहायला हवं.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसानंतरच्या शतकात ती जहाजांतून आशियात आली, गोव्यात उतरली तशी पुढे चीनच्या किनाऱ्यालाही लागली. चिनी लेखनात तिचा पहिला ठळक उल्लेख सापडतो तो 1591 साली, हांगचौच्या गाओ लिएन या लेखकाच्या ग्रंथात. गंमत म्हणजे हा ग्रंथ निरोगी आणि रसिक आयुष्य कसं जगावं याबद्दलचा आहे. गाओ लिएन मिरचीची पांढरी फुलं, लाल फळं आणि तिखट चव यांची नोंद करतो आणि झाड दिसायला फार सुंदर म्हणून तिला बागेत जागा देतो. स्वयंपाकघरात तिला अजून कोणी बोलावलेलं नव्हतं.

तिला चुलीपाशी नेलं ते गरिबीने. सिचुआनच्या दक्षिणेला ग्वेइचौ हा डोंगराळ प्रांत आहे. तिथे मीठ पिकत नाही. समुद्र दूर, खारे झरे नाहीत, त्यामुळे मीठ हमालांच्या पाठीवरून आणि घोड्यांवरून डोंगर चढून यायचं आणि येता येता महाग व्हायचं. कांगशी सम्राटाच्या कारकिर्दीच्या शेवटी, म्हणजे 18व्या शतकाच्या सुरुवातीला, तिथल्या एका स्थानिक दप्तरात नोंद आहे की इथले लोक मिठाच्या ऐवजी मिरची वापरतात. भात किंवा मका नुसता घशाखाली उतरत नाही. मीठ परवडत नाही. मग कुंपणाला फुकट लागणारी ही लाल शेंग कुटून तोंडी लावायची. आपल्याकडे भाकरीबरोबर नुसती मिरची खाऊन कामाला गेलेल्या पिढ्यांना यात नवल वाटणार नाही.

सिचुआनमध्ये मात्र नेमकी उलटी परिस्थिती. तिथे जमिनीखाली खारं पाणी भरपूर. झिगोंग नावाच्या गावात लोकांनी बांबू आणि लोखंडी पहारीच्या जोरावर शेकडो मीटर खोल विहिरी पाडल्या. त्यातली शेनहाय ही विहीर 1835 साली 1001 मीटर खोलीपर्यंत पोचली, तेही कुठलंही वाफेचं इंजिन न लावता. खारं पाणी वर ओढायचं आणि त्याच जमिनीतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूवर कढया तापवून मीठ पाडायचं, असा हा धंदा. पाणी ओढणारे रहाट बैल फिरवायचे, आणि थकलेल्या बैलांचं मांस मजुरांच्या वाट्याला यायचं. मीठ, मिरची आणि तेल घालून शिजवलेल्या त्या मांसापासून पुढे ‘श्वेइचू’ नावाचा प्रकार घडला असं तिथे सांगतात. आज तो मासे घालूनही करतात आणि चेंगदूच्या कुठल्याही खानावळीत मिळतो.

म्हणजे एकाच्या घरात मीठ नव्हतं म्हणून मिरची आली, दुसऱ्याच्या घरात मीठ होतंच, त्यात मिरचीची भर पडली. आज आपण ज्याला सिचुआनी जेवण म्हणतो त्यात दोन्ही आहेत, आणि आरोग्याचा सगळा घोळ या ‘दोन्ही’त आहे. ते जेवण ज्यांच्यासाठी जन्माला आलं ते दिवसभर ओझी वाहणारे, घामाने भिजणारे लोक होते. आपण दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी त्यांच्या ताटावर बसतो.

आता संशोधनाकडे. 2017 साली चोंगचिंग शहरातल्या सैनिकी वैद्यकीय विद्यापीठाच्या संशोधकांनी 606 प्रौढांची तपासणी प्रसिद्ध केली. कोणाला किती तिखट आवडतं, कोण किती मीठ खातं आणि कोणाचा रक्तदाब किती, हे त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिलं. ज्यांना तिखट जास्त आवडत होतं ते मीठ कमी खात होते, आणि त्यांचा वरचा रक्तदाब तिखटाला नाक मुरडणाऱ्यांपेक्षा सुमारे 8 अंकांनी कमी होता. मेंदूच्या चित्रणात दिसलं की मीठ आणि तिखट यांची दखल घेणारे भाग बरेचसे एकावर एक येतात. तिखट असलं की थोड्या मिठानेही जीभ समाधानी होते. ग्वेइचौच्या डोंगरातल्या माणसाला हे तीनशे वर्षांपूर्वी पोटापाण्याच्या हिशोबाने कळलं होतं.

त्याआधी 2015 साली चीनमधल्याच जवळजवळ 4 लाख 87 हजार लोकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आठवड्यातून सहा-सात दिवस तिखट खाणाऱ्यांत, क्वचित तिखट खाणाऱ्यांच्या तुलनेत, त्या काळात मृत्यूचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी दिसलं. वर्तमानपत्रांनी ‘मिरची खा, आयुष्य वाढवा’ अशा थाटात बातम्या दिल्या. तो अर्थ त्यातून निघत नाही. तिखट खाणारे आणि न खाणारे यांच्या राहणीमानात इतरही फरक असतात, आणि हा अभ्यास सोबत दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. पण एवढं नक्की की तिखट हा जिवाला धोका आहे, या समजुतीला त्यातून काडीचाही आधार मिळत नाही.

मिरची शरीरात करते काय? तिच्यातलं कॅप्सायसिन हे द्रव्य मज्जातंतूंवरच्या एका विशिष्ट ग्राहकाला जाऊन चिकटतं. हा ग्राहक खरा तर उष्णतेसाठी आहे. साधारण 43 अंश सेल्सियसच्या वर तापलेलं काही अंगाला लागलं की तो मेंदूला ‘भाजलं’ म्हणून कळवतो. कॅप्सायसिन त्याच घंटेची कळ दाबतं. जीभ भाजत नाही, पण मेंदूला भाजल्याची वर्दी पोचते, आणि मग घाम, लाळ, डोळ्यांतलं पाणी हा सगळा अग्निशमनाचा बंदोबस्त सुरू होतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हा ग्राहक 1997 मध्ये शोधून काढला आणि 2021 चं नोबेल त्यांना आर्डेम पाटापुटियान यांच्याबरोबर मिळालं. पाणी पिऊन ही आग विझत नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा ताक घ्यावं; चेंगदूत लोक सोयाबीनचं किंवा शेंगदाण्याचं गार दूध घेऊन बसतात.

अल्सर तिखटाने होतो, हाही एक जुना आरोप. जठरातल्या बहुतेक व्रणांमागे एक जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. त्यातला जिवाणू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 साली नोबेल मिळालं. मात्र ज्यांना आंबट ढेकर आणि छातीत जळजळ यांचा त्रास आहे, मूळव्याध आहे किंवा पोट नाजूक आहे, त्यांना तिखट बाधतं ते खरंच बाधतं. त्यांनी पोटाचं ऐकावं. माझी वकिली त्यांच्यासाठी नाही.

सिचुआनी तिखटात मिरचीबरोबर आणखी एक जण असतो, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. मालवण किंवा गोव्याकडच्या घरात बांगड्याच्या आमटीत जे तिरफळ पडतं, त्याचा तो सख्खा चुलत भाऊ. तिकडे त्याला ह्वाच्याओ म्हणतात. दोन्ही एकाच कुळातल्या झाडांची फळं, दोन्हींत आतली काळी कचकचीत बी टाकून द्यायची आणि वरची साल तेवढी वापरायची. तिरफळ चुकून दाताखाली आलं की ओठांना मुंग्या येतात, लिंबाच्या सालीसारखा वास नाकात चढतो. ह्वाच्याओमध्ये तेच, पण आणखी जोरात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2013 साली लोकांच्या ओठांना ही पूड लावली आणि बोटाला यंत्राने कंप देऊन विचारलं की ओठावरची थरथर याच्याशी कितपत जुळते. उत्तर आलं सेकंदाला सुमारे 50 कंप. म्हणजे ही चव जिभेला कळते त्याहून जास्त स्पर्शाला कळते. अमेरिकेत 1968 पासून 2005 पर्यंत हा मसाला आयात करायला बंदी होती, तीही खाणाऱ्यांच्या काळजीने नाही तर संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लागू नये म्हणून.

ह्वाच्याओत मीठ नाही, तेल नाही, आणि जेवणाला तो असा काही उठाव देतो की बाकीच्या गोष्टी कमी पडल्याचं पटकन लक्षात येत नाही. मीठ कमी करायला निघालेल्या माणसाला यापेक्षा चांगला सोबती मिळणार नाही.

माझा एक मित्र कंपनीच्या कामासाठी काही वर्षं चेंगदूत होता. तिथे असतानाच त्याला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. त्याच्याबरोबर जेवायला बसलो तेव्हा तो मेन्यूकार्डाकडे पाहून जे बोलला ते मला अजून पटतं. म्हणाला, “अरे, इथे तिखट कमी करा म्हणून सांगू नकोस. तिखट कमी केलं की हे लोक चव भरून काढायला सोया सॉस वाढवतात. मीठ कमी आणि तेल कमी एवढंच सांग, मिरचीला हात लावायचा नाही.” त्याने वेटरला ‘शाओ यान, शाओ यौ’ एवढं सांगितलं आणि ऑर्डर दिली: मापो तोफू, श्वेइचू मासा, ठेचलेली काकडी, लसूण घालून परतलेली एक पालेभाजी आणि दोन वाट्या कोरा भात. दोघांसाठी हे जास्तच होतं, पण त्याबद्दल पुढे.

मापो तोफूकडे जरा जवळून पाहू, कारण सिचुआनी जेवणातलं मिठाचं गणित तिथे उघड दिसतं. 1862 च्या सुमारास चेंगदूच्या उत्तरेकडच्या वानफू पुलाजवळ चेन कुटुंबाची खानावळ होती. घरातल्या बाईच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते, त्यावरून पदार्थाला नाव पडलं. गिऱ्हाईक म्हणजे तेलाचे बुधले वाहून नेणारे हमाल. पदार्थ असा होतो: मऊ तोफूचे चौकोनी तुकडे गरम पाण्यात ठेवून द्यायचे. कढईत तेल तापवून खिमा कोरडा, कुरकुरीत होईपर्यंत परतायचा. मग आच कमी करून त्यात दोउबानच्यांग घालायचा, म्हणजे बाकळा नावाच्या शेंगेतले दाणे आणि लाल मिरच्या मीठ घालून महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं उन्हात मुरवलेला लगदा. चेंगदूजवळच्या पीश्येन गावचा सगळ्यात नावाजलेला. तो तेलात पडला की दोन मिनिटांत तेल माणकासारखं लाल होतं. मग आंबवलेले काळे सोयाबीन, मिरचीपूड, आलं, लसूण, थोडं पाणी, आणि शेवटी तोफू. तुकडे मोडू नयेत म्हणून कढई हलवायची, झारा फिरवायचा नाही. स्टार्चचं पाणी थोडं थोडं करून दोन-तीन वेळा घालायचं, म्हणजे रस तोफूला धरून राहतो. ताटलीत काढल्यावर वरून भाजून कुटलेला ह्वाच्याओ, आणि लसणीची हिरवी पात.

आता हिशोब. दोउबानच्यांगच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 15 ते 20 ग्रॅम मीठ असतं. एका ताटलीला दोन मोठे चमचे, म्हणजे 35-40 ग्रॅम लगदा लागतो. एवढ्यातच सहा-सात ग्रॅम मीठ आलं. त्यावर काळ्या सोयाबीनचं वेगळं, आणि एक मोठा चमचा सोया सॉस पडला तर आणखी दोन ग्रॅमहून जास्त. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते. ताटलीतली मिरची तुम्हाला घाम आणून लक्ष वेधून घेत असते तेव्हा खरा कारभार हा चालू असतो.

पण याच ताटलीत तोफूही आहे, चांगल्या प्रतीची प्रथिनं देणारा आणि पोटाला जड न होणारा. नेहमीपेक्षा निम्मा लगदा, सोया सॉस अजिबात नाही, मिरचीपूड आणि ह्वाच्याओ मात्र हात न आखडता, असा मापो तोफू घरी करून पाहा. रंग थोडा फिका येतो. चवीत फारसं उणं वाटत नाही.

श्वेइचू माशाचं वाडगं समोर आलं की नवख्याची छाती दडपते. वरती बोटभर लाल तेल, त्यात तरंगणाऱ्या मूठमूठ सुक्या मिरच्या. पण तिथली माणसं हे तेल खात नाहीत. बऱ्याच ठिकाणी वेटर येऊन वरच्या मिरच्या झाऱ्याने उपसून नेतो. तळातून माशाचा पातळ काप चॉपस्टिकने उचलायचा, वाडग्याच्या कडेला क्षणभर धरून निथळू द्यायचा आणि भाताच्या वाटीवर टेकवून खायचा. वाडगं शेवटी भरलेलंच परत जातं. मासा उकळत्या रश्श्यात अगदी थोडा वेळ शिजलेला असतो, तळलेला नसतो. आपली चूक होते ती आमटीच्या सवयीने: रस्सा दिसला की आपण तो भातावर ओततो. लाझीची, म्हणजे सुक्या मिरच्यांच्या ढिगातून हुडकून खायच्या कोंबडीच्या तुकड्यांचंही तसंच. त्या मिरच्या वासासाठी असतात, मात्र त्यातली कोंबडी तळलेली असते, ती दोघांत एखादी ताटली पुरे. चोंगचिंगचा हॉटपॉट हे तर बैलाच्या चरबीचं उकळतं कुंड. तिथे मधे पत्रा घातलेलं दोन कप्प्यांचं भांडं मागवावं आणि पालेभाज्या साध्या कप्प्यात बुडवाव्यात, कारण पानं तेल स्पंजासारखी पितात.

या सगळ्यात सगळ्यात मोलाचा तो कोरा भात. त्यात मीठ नाही, तेल नाही. तिखट घासामागे एक फिका घास, असं जेवण पुढे सरकतं आणि जिभेला पुन्हा ताजं करतं. आपल्याकडच्या ‘शेजवान’ने मोडला तो नेमका हाच नियम.

मुंबईत ताजमहाल हॉटेलातलं गोल्डन ड्रॅगन 1973 साली सुरू झालं आणि श्रीमंतांना सिचुआनी चवीची ओळख झाली. 1975 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी लसूण, आलं, हिरवी मिरची, सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉर एकत्र करून चिकन मांचुरियन केलं, असं ते स्वतः सांगत. पुढे हा सगळा प्रकार हातगाड्यांवर उतरला आणि महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. त्या लाल शेजवान सॉसमध्ये ह्वाच्याओ शोधूनही सापडत नाही. लसूण, सुकी मिरची, व्हिनेगर, साखर आणि मीठ असतं. त्यात वाईट काही नाही, ती आपली स्वतंत्र चव आहे आणि मला ती आवडते. पण ट्रिपल शेजवान मागवलंत की मीठ भातात असतं, नूडल्समध्ये असतं, वरच्या ग्रेव्हीत असतं आणि बाजूच्या वाटीतल्या चटणीतही असतं. चेंगदूत मीठ एका ताटलीत असतं आणि ते टाळता येतं. इथे ते प्रत्येक शितात मुरलेलं असतं. शिवाय तळलेल्या कुरकुरीत नूडल्स. म्हणून गाडीवर मित्राबरोबर उभं राहायचं असेल तर फ्राइड राइस सोडा, साधा भात मिळतो का ते विचारा, आणि ग्रेव्हीची एकच डिश दोघांत घ्या. गाडीवाला चमत्कारिक नजरेने बघेल, पण देईल.

अजिनोमोटोचं भूत इथेच उतरवून टाकू. अजिनोमोटो म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट; त्यातलं ग्लुटामेट 1908 साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेडा यांनी समुद्री वनस्पतीपासून वेगळं काढलं. 1968 मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट हो मान क्वोक या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं की चिनी हॉटेलात जेवलं की आपल्याला मानेत बधिरपणा आणि धडधड जाणवते. कारणांचा तर्क करताना त्यांनी स्वयंपाकातली वाईन, अजिनोमोटो आणि जेवणातलं भरमसाट सोडियम अशा अनेकांवर बोट ठेवलं होतं. जगाने त्यातलं एकच उचललं आणि मीठ पुन्हा एकदा सुटलं. नंतरच्या प्रयोगांत, खाणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही काय दिलंय हे माहीत नसताना, हा त्रास सातत्याने दाखवता आलेला नाही. अजिनोमोटोत सोडियम मिठाच्या साधारण एक तृतीयांश असतं, तेव्हा मीठ कमी करून त्याची चिमूट घातली तर एकूण सोडियम घटतं. हातगाडीवर ते मिठाच्या जोडीला पडतं, ही गोष्ट वेगळी.

आता दोघांच्या जेवणात जास्त मागवण्याबद्दल. माणूस एकट्यापेक्षा सोबतीत जास्त खातो, आणि हे केवळ जिव्हाळ्याचं बोलणं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन डी कॅस्ट्रो यांनी लोकांना रोजच्या खाण्याच्या वह्या ठेवायला लावल्या, तेव्हा एका सोबत्याबरोबरचं जेवण एकट्याच्या जेवणापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठं निघालं. गप्पांमुळे जेवण लांबतं, ताटल्या समोर राहतात, हात जात राहतो. त्यात बिअर आली तर रक्तदाबाला तिचाही भार. मित्र सोडावा असा याचा अर्थ नाही. ऑर्डर करताना एक ताटली कमी मागवावी, एवढाच आहे. सुदैवाने तिखट इथेही मदतीला येतं. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या प्रयोगात लोकांना चिकन टिक्का मसाला थोडा जास्त तिखट करून दिला तेव्हा ते सावकाश जेवले आणि कमी जेवले. फार तिखट करायचीही गरज पडली नाही. मधे चमचा खाली ठेवून श्वास घ्यावा लागतो तेवढं पुरतं.

मिठावरचा सगळ्यात मोठा प्रयोगही चीनमधलाच. ग्रामीण भागातली 600 गावं, जवळजवळ 21 हजार माणसं, बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना तीन भाग मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण. 2021 मध्ये निकाल आले तेव्हा मिश्रण खाणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी होतं. चव बदलली नाही, पदार्थ बदलले नाहीत, फक्त बरणी बदलली. असं कमी सोडियमचं मीठ आपल्याकडेही दुकानात मिळतं. पण मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची काही औषधं चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्तातलं पोटॅशियम वाढणं हे मिठापेक्षाही लवकर जिवावर बेततं.

घरी मित्राला जेवायला बोलावणार असाल तर लाल तेलाची एक बरणी आधी करून ठेवा, तिच्यात मिठाचा कणही लागत नाही. सिचुआनमध्ये त्यासाठी सुवासिक आणि मध्यम तिखट अशी लांब मिरची वापरतात. आपल्याकडे ब्याडगी ते काम चोख करते. मिरची जाडसर कुटून भांड्यात घ्यायची, पांढरे तीळ घालायचे. शेंगदाण्याचं तेल चांगलं तापवायचं, आच बंद करून दोन मिनिटं थांबायचं आणि मग मिरचीवर थोडं थोडं ओतायचं. घाई केली तर मिरची काळी पडते आणि कडू होते. रात्रभर झाकून ठेवलं की दुसऱ्या दिवशी रंग आणि वास दोन्ही तेलात उतरतात. वापरताना एका माणसाला एक लहान चमचा, कारण ते शेवटी तेलच आहे. तिरफळ मंद आचेवर कोरडं भाजून, काळी बी काढून, कुटून चाळून घ्यावं, आणि ही पूड शेवटच्या क्षणी वरून भुरभुरावी. आधी घातली तर मुंग्या निघून जातात आणि कडवटपणा तेवढा मागे राहतो. काकडी सुरीच्या पात्याने दाबून ठेचावी, तिच्यावर लसूण, व्हिनेगर, चिमूटभर साखर, हे तेल आणि तिरफळाची पूड. काकडीला आधी मीठ लावून पाणी काढायची तिथे पद्धत आहे. ती पायरी गाळली तर मात्र काकडी टेबलावर आणताना कालवायची आणि लगेच संपवायची, नाहीतर पाणी सुटून मसाला ताटलीच्या तळाशी जातो.